नवं मशीन जोडलं, पण डिस्प्ले येत नाही

नाशिकमध्ये घरी जोडायच्या कॉम्प्युटरचे पार्ट तीन वाटांनी येतात. काही शरणपूर रोड-कॅनडा कॉर्नर भागातल्या दुकानांतून, काही ऑनलाइन, आणि काही अजूनही पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबई गाठून, लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून, रात्री पाठीवरच्या सॅकमधून. इंजिनिअरिंगची पोरं, अंबड-सातपूरला डाय-मोल्डचं डिझाइन करणारे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, दहावीच्या सुट्टीत गेमिंगसाठी वडिलांना पटवलेली मुलं, सगळेच आता स्वतः मशीन जोडतात. व्हिडिओ बघत बघत जोडणी एका दुपारी उरकते. मग बटण दाबलं जातं आणि काहीच होत नाही. नाहीतर पंखे फिरतात, रंगीत दिवे नाचतात, स्क्रीन मात्र काळीच.

अशा वेळी पहिला संशय मदरबोर्डवर जातो आणि दुसरा दुकानदारावर. बहुतेक वेळा दोघेही निर्दोष असतात. नव्या पार्टांत एखादा मेलेला निघतो, नाही असं नाही. पण त्याहून कितीतरी जास्त वेळा एखादी केबल अर्धवट बसलेली असते, रॅम चुकीच्या खाचेत असते किंवा बायोस प्रोसेसरपेक्षा जुना असतो. म्हणून पार्ट बदलायला धावण्याआधी एकच गोष्ट शोधायची: मशीन नेमकं कुठपर्यंत पोचून थांबलं? वीज आली का? आली असेल तर प्रोसेसर आणि रॅम बोर्डाला ओळखता आले का? मग चित्र मॉनिटरपर्यंत गेलं का, डिस्क दिसली का, आणि शेवटी विंडोज कुठे अडलं? हा क्रम मोडायचा नाही. स्क्रीन काळी असताना विंडोजचा पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा बनवत बसलेले लोक मी पाहिले आहेत. पेनड्राइव्हचा नंबर लागायला अजून तीन पायऱ्या बाकी असतात.

हाताशी स्टार स्क्रूड्रायव्हर, मोबाइलचा टॉर्च आणि मदरबोर्डचं मॅन्युअल असू द्या. मॅन्युअल कोणी उघडत नाही, पण पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच असतात. कागदी प्रत त्रोटक असेल तर कंपनीच्या साइटवरून पूर्ण पीडीएफ उतरवून घ्या.

आधी भिंतीकडे बघा

जुन्या नाशकातल्या वाड्यांत, रविवार कारंजा-भद्रकाली भागात, तीन भोकांचं सॉकेट बसवलेलं असतं, पण कधी कधी त्या तिसऱ्या भोकामागे तारच नसते. नव्या फ्लॅटमध्येही अर्थिंग आहेच असं गृहीत धरू नका. याची खूण सोपी आहे: कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतं आणि टेस्टर लावला तर मंद पेटतो. लोक म्हणतात, ‘एसएमपीएस करंट मारतोय, बदलून द्या.’ एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, चांगला असतो. त्याच्या आत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडीवर मेन्सच्या साधारण निम्मा दाब, म्हणजे २३० व्होल्टच्या ठिकाणी ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, तरी चालू मशीनमध्ये एचडीएमआय केबल खुपसताना पोर्ट उडवायला तो पुरू शकतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरने मोजून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. दुसरा आकडा शून्य किंवा भलताच आला तर आधी घराचं काम करा, कॉम्प्युटर नंतर. थ्री-पिन प्लगची जाड पिन मोडून किंवा टू-पिन अडाप्टर लावून काम भागवू नका.

अर्थिंगचा आणखी एक संबंध आहे, तो आपल्या थंडीशी. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सगळ्यांत खाली गेल्याच्या बातम्या येतात, तेव्हा नाशिकची हवाही कोरडी असते आणि स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. तो स्थिर विजेचा आवाज असतो आणि रॅमच्या चिपला तेवढी वीज नको असते. सतरंजीवर बसून, लोकरी स्वेटर घालून जोडणी करू नका. एसएमपीएसची केबल भिंतीत लावून ठेवा, भिंतीवरचं आणि एसएमपीएसच्या मागचं अशी दोन्ही बटणं बंद ठेवा आणि अधूनमधून एसएमपीएसच्या पत्र्याला हात लावत राहा. आपल्याकडचं भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं, अर्थ जोडलेलाच राहतो, म्हणून हे चालतं. घरात अर्थिंगच नसेल तर अर्थातच चालत नाही.

आता बटण दाबल्यावर काहीच हलत नसेल तर बघायच्या गोष्टी. एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण रेघेच्या बाजूला हवं, शून्याच्या नाही. हे इतकं साधं आहे की सांगायला संकोच वाटतो, आणि इतकं कॉमन आहे की न सांगून भागत नाही. मग २४ पिनची मोठी केबल. ती बसायला चांगला जोर लागतो. खटका लागल्याचा आवाज आला नाही, तर ती बसलेली नाही असंच समजा. मग मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिनची केबल. ही विसरलेली असते, नाहीतर ग्राफिक्स कार्डची ८ पिनची केबल तिथे दामटलेली असते. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी, पण प्रोसेसरची केबल ४ अधिक ४ अशी दुभंगते आणि कार्डाची ६ अधिक २ अशी. खाचांचे आकार वेगळे असतात, म्हणून सहज बसत नसेल तर जबरदस्ती करू नका. मॉड्युलर एसएमपीएसच्या बाबतीत आणखी एक पथ्य: जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. मदरबोर्डकडचं टोक सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकावर पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही बदलतो. अशा चुकीत डिस्क क्षणात जळते.

हे सगळं ठीक असेल तर संशय कॅबिनेटच्या बटणावर घ्या. बोर्डाच्या खालच्या कडेला बारीक पिनांचा पुंजका असतो. तिथे पॉवर स्विच, रिसेट आणि दोन दिव्यांच्या वायरी लागतात. त्या एक घर सरकल्या की बटण मुकं होतं. स्विचला उलट-सुलट नसतं, दिव्यांना असतं. मॅन्युअलमधलं चित्र बघून पॉवर स्विचच्या दोन पिना शोधा, वायर काढा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना क्षणभर टेकवा. तिथला दाब अगदी कमी असतो, भिण्याचं कारण नाही. पंखे फिरले तर बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही जिवंत आहेत, दोष वायरीच्या जागेचा आहे.

पंखे अर्धा सेकंद फिरून थांबत असतील तर कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता जास्त. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यावर बोर्ड उचलून धरणाऱ्या पितळी खुंट्या असतात. बोर्डाला जिथे भोक नाही अशा जागी एखादी खुंटी राहून गेली, तर ती बोर्डाच्या पाठीवरच्या टाक्यांना टेकते. बोर्ड बाहेर काढा, त्याच्याच रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, तिचा वरचा थर वीज वाहून नेऊ शकतो. आता फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस. ग्राफिक्स कार्ड, डिस्क, यूएसबीच्या वायरी, आरजीबीचे दिवे सगळं बाजूला. अशा उघड्या जोडणीवर मशीन सुरू झालं आणि कॅबिनेटमध्ये गेल्यावर बंद पडलं, तर दोष कॅबिनेटमध्ये आहे हे सिद्धच झालं. एका वेळी एकच वस्तू परत जोडा, दर वेळी वीज पूर्ण बंद करून. याला वेळ लागतो. पण चार गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन सुरू होऊनही कशामुळे झालं ते कळत नाही, आणि आठवड्याने तीच तक्रार परत येते.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात. आधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच हवी, मदरबोर्डाच्या पोर्टला नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे, उदाहरणार्थ कोअर आय५ १२४००एफ, त्यांच्यात चित्र काढणारा भागच चालू नसतो. एएमडीच्या रायझन ५ ५६०० आणि ५६००एक्स मध्येही नाही. ५६००जी मध्ये आहे. रायझन ७००० मालिकेत बहुतेकांत आहे, पण ७५००एफ मध्ये नाही. कार्ड नंतर घेऊ म्हणून असा प्रोसेसर आणून बसलेल्या माणसाला डिस्प्ले कधीच येणार नाही, त्याने कितीही वेळा रॅम काढून लावली तरी. त्याच्या मशीनमध्ये बिघाड नाही, खरेदीची यादी अपुरी आहे.

कार्ड असेल तर त्याची स्वतंत्र पॉवर केबल लागली आहे का आणि मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलं आहे का, हे तपासा. डिस्प्ले पोर्टच्या केबलवर शंका असेल तर घरच्या टीव्हीला एचडीएमआयने जोडून बघा.

यानंतर रॅम. चार खाचा असतील आणि दोन कांड्या असतील तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरा. मॅन्युअलमध्ये त्यांना ए२ आणि बी२ म्हणतात. रॅम बसवताना दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा. काही बोर्डांवर एकाच बाजूला क्लिप असते, तिथे दुसरी बाजू अर्धवट राहिलेली डोळ्यांना कळत नाही. टॉर्च मारून बघा, सोनेरी पट्टी एका टोकाला जास्त दिसत असेल तर कांडी तिरकी आहे. खोडरबराने रॅम घासणं हा आपल्याकडचा परंपरागत इलाज आहे. जुन्या मशीनमध्ये पट्टीवर मळ चढतो, तिथे त्याचा उपयोग होतो. नव्याकोऱ्या रॅमवर मळ कुठला? तिथे गुण येतो तो काढून पुन्हा नीट बसवल्याचा, श्रेय मात्र खोडरबर घेतो.

डीडीआर५ रॅमचं मशीन असेल, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटचं, तर थांबायची तयारी ठेवा. मैफलीआधी तानपुरा जुळवावा तसं बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना प्रत्येक रॅमशी वेळेचं गणित जुळवून घेतं. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. या काळात स्क्रीन पूर्ण काळी असते आणि मशीन मेल्यासारखं वाटतं. हे काही मिनिटं चालतं, रॅम जास्त असेल तर आणखी. लोक दोन मिनिटांत घाबरून बटण दाबून बंद करतात, मग ट्रेनिंग पहिल्यापासून. पहिल्या वेळी पंधरा मिनिटं मशीनला हात लावू नका. चहा करून प्या. बायोसची बॅटरी काढली किंवा सेटिंग पुसली की हे सगळं पुन्हा होतं, हेही लक्षात ठेवा. डीडीआर५ च्या चार कांड्या एकदम लावायचा मोह टाळा. दोन मोठ्या कांड्या चार छोट्यांपेक्षा कितीतरी कमी त्रास देतात.

पंधरा मिनिटांनंतरही काळोखच असेल तर बोर्डाच्या उजव्या कडेला बघा. बऱ्याच बोर्डांवर तिथे चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. सुरू होताना ते एकेक करून लागतात आणि विझतात. जो दिवा लागून राहिला, त्या पायरीवर मशीन अडलं. डीरॅमचा दिवा अडकला तर एकच कांडी ए२ मध्ये लावून बघा, मग दुसरी कांडी त्याच खाचेत. एक कांडी चालते आणि दुसरी चालत नाही, तर दोषी सापडली. दोन्ही एका खाचेत चालतात आणि दुसऱ्या खाचेत चालत नाहीत, तर बोर्ड किंवा प्रोसेसरचं सॉकेट. व्हीजीएचा दिवा अडकला तर कार्ड आणि त्याची केबल. बूटचा दिवा लागला आणि डिस्कमध्ये अजून विंडोजच नाही, तर काळजीचं कारण नाही, मशीन तुमच्या पेनड्राइव्हची वाट बघतंय. बोर्डावर दिवे नसतील तर छोटा बझर मिळतो, तो स्पीकरच्या पिनांवर लावा आणि बीप मोजून मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडून बघा.

सीपीयूचा दिवा अडकला तर मात्र बायोसची आवृत्ती हा पहिला संशयित. मदरबोर्ड कारखान्यातून निघाल्यावर बाजारात आलेला प्रोसेसर तो बोर्ड ओळखेलच असं नाही. एएमडीचे बी४५० बोर्ड २०१८ चे, रायझन ५६०० एप्रिल २०२२ चा. बी६५० बोर्ड २०२२ च्या ऑक्टोबरात आले, रायझन ९००० ऑगस्ट २०२४ मध्ये. इंटेलकडे बी७६० बोर्ड जानेवारी २०२३ चे आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातले. दुकानात बरेच दिवस पडून राहिलेला बोर्ड स्वस्तात मिळाला असेल तर त्याचा बायोस जुना असणारच. कंपनीच्या साइटवर बोर्डाच्या पानावर ‘सीपीयू सपोर्ट’ची यादी असते. तिथे तुमच्या प्रोसेसरसमोर किमान कुठली बायोस आवृत्ती लागते ते लिहिलेलं असतं. बोर्डाच्या मागे ‘बायोस फ्लॅशबॅक’ किंवा तत्सम बटण असेल तर प्रोसेसर आणि रॅम न लावताही बायोस बदलता येतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलंच नाव द्यायचं, ठरलेल्याच यूएसबी पोर्टमध्ये लावायचा, २४ पिन आणि ८ पिन केबल जोडलेल्या असू द्यायच्या आणि बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकत असेपर्यंत वीज जाता कामा नये. महावितरणची लाइट केव्हा जाईल ते आपल्या हातात नाही, म्हणून हे काम यूपीएसवरच करा. असं बटण नसेल तर दुकानात नेऊन जुन्या प्रोसेसरवर अपडेट करून घ्या. सेटिंग बिघडल्याची शंका असेल तर वीज काढून मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिना शॉर्ट करा, किंवा सीआर२०३२ ची गोल बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा.

प्रोसेसर उचलायची वेळ शेवटी येते आणि येऊ नये असंच बघा. इंटेलच्या एलजीए१७०० आणि एएमडीच्या एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात. प्रोसेसर हातातून निसटून पडला की त्या वाकतात, आणि वाकलेल्या पिना वॉरंटीत बसत नाहीत. जुन्या एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला आहेत. तिथे थंड झालेल्या थर्मल पेस्टने कूलर चिकटून बसतो आणि सरळ वर खेचला की सॉकेटचं कुलूप न उघडताच प्रोसेसर उपटून येतो. म्हणून मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करा, वीज काढा, मग कूलर हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा. मशीन सुरूच होत नसेल तर फिरवण्यावरच भर द्या. आणि कूलरच्या खाली चिकटवलेली पारदर्शक फिल्म काढली होती ना, तेही तेव्हाच बघून घ्या.

विंडोज मारताना

बायोसची स्क्रीन दिसली म्हणजे अवघड भाग संपला. तिथे आधी रॅम पूर्ण दिसते का, प्रोसेसरचं तापमान साठीच्या खाली आहे का, तारीख बरोबर आहे का आणि डिस्क दिसते का, हे बघा. डिस्क दिसत नसेल तर एम.२ ची कांडी काढून पुन्हा बसवा. ती तिरकी घालून आत सरकवायची, मग खाली दाबून बारीक स्क्रू लावायचा. एम.२ आकाराची प्रत्येक डिस्क एनव्हीएमई नसते. काही साटा असतात आणि काही खाचा त्यांना ओळखत नाहीत. उलट काही बोर्डांवर एखादी एम.२ खाच भरली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात. हे मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हे रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग विंडोज पूर्ण बसेपर्यंत बंदच ठेवा. इन्स्टॉल करताना मध्येच निळी स्क्रीन, दर वेळी वेगळ्या टक्क्यावर थांबणं, ‘फाइल करप्ट’ म्हणणारा शून्य-एक्स-८००७०५७० सारखा एरर, या सगळ्यामागे बहुधा रॅम किंवा खराब पेनड्राइव्ह असतो. पेनड्राइव्ह बदलूनही तेच, तर मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवा. एक जरी एरर आला तरी ती रॅम परत करण्याजोगी आहे, ‘थोडासाच एरर आहे’ असं काही नसतं.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवा. कुणाकडून ‘रेडीमेड विंडोज’चा पेनड्राइव्ह आणू नका. त्यात आणखी काय काय आहे, हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. प्रॉडक्ट की अजून घेतली नसेल तरी ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडून पुढे जाता येतं आणि नंतर ॲक्टिव्हेट करता येतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे नव्या मशीनवर ११ च टाका. ‘हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही’ असं आलं तर नव्या हार्डवेअरमध्ये कारण जवळजवळ नेहमी बायोसमध्ये असतं. टीपीएम २.० चालू करायचा असतो: इंटेलच्या बोर्डावर तो पीटीटी नावाने असतो, एएमडीवर एफटीपीएम. सिक्युअर बूटही लागतं आणि सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीचं बूट, बंद हवं. जुनं, दशकभरापूर्वीचं ग्राफिक्स कार्ड नव्या बोर्डावर लावलं असेल तर सीएसएम बंद करताच डिस्प्ले गायब होऊ शकतो. तसं झालं तर बायोसची सेटिंग पुसणाऱ्या, वर सांगितलेल्या दोन पिना आठवा.

‘या डिस्कवर विंडोज बसत नाही, ती जीपीटी प्रकारची आहे’ असा निरोप आला तर डिस्कला दोष देऊ नका. पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने बूट झाला आहे. बूट मेनूत त्याच पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसेल, त्यातलं यूईएफआय लिहिलेलं निवडा. बूट मेनूची की एसुसवर एफ८, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ११, गिगाबाइटवर एफ१२. रुफस या टूलने पेनड्राइव्ह बनवत असाल तर जीपीटी आणि यूईएफआय हीच जोडी निवडा.

‘मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ हा निरोप गोंधळात टाकतो. ड्रायव्हर शोधत बसण्याआधी पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टमध्ये, शक्यतो मागच्या यूएसबी २.० पोर्टमध्ये लावा, तेवढ्याने अनेकदा भागतं. डिस्कची यादीच रिकामी आली आणि बायोसमध्ये मात्र डिस्क दिसते, तर इंटेलच्या मशीनमध्ये बायोसमधलं व्हीएमडी सेटिंग चालू आहे का बघा. लॅपटॉपमध्ये हे जास्त आढळतं. ते बंद करा किंवा त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. पण विंडोज बसल्यानंतर हे सेटिंग बदलू नका, मग विंडोज सुरूच होणार नाही.

पहिल्या रिस्टार्टला स्क्रीनवर ‘कुठलीही की दाबा’ असं येतं. तेव्हा काहीही दाबू नका. दाबलं तर इन्स्टॉल पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि लोकांना वाटतं मशीन गोल गोल फिरतंय. पुढे ‘नेटवर्कशी जोडा’ या पानावर वायफाय दिसत नसेल तर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा आणि यूएसबी टेथरिंग चालू करा. ड्रायव्हर नसतानाही बहुधा तेवढ्याने नेट मिळतं.

एवढं करूनही विंडोज रुसलेलंच असेल तर उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवून, काहीही इन्स्टॉल न करता, ‘ट्राय’ करून बघा. उबुंटू तासभर नीट चालला, व्हिडिओ चालला, डिस्क दिसली, तर हार्डवेअर बहुधा ठीक आहे आणि भांडण विंडोजच्या सेटिंगशी आहे. तोही अडखळला तर मागे फिरा, रॅमपाशी.

विंडोज बसल्यावर गेम चालू असताना लाइट जाताच मशीन बंद पडत असेल तर यूपीएसकडे बघा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. आरटीएक्स ३०६० कार्ड एकटं १७० वॅट खातं, १२४००एफ प्रोसेसर जोरात असताना ११७ पर्यंत जातो, वर मॉनिटर आणि बाकीचं सामान. लाइट असताना सगळं चालतं आणि गेली की यूपीएस एक किंकाळी फोडून बंद.

दुकानात न्यायची वेळ आली तर

एक कांडी, एक खाच, उघडा बोर्ड, नवा बायोस एवढं सगळं करूनही दिवा त्याच जागी अडकत असेल, तर आता परत करायचा अधिकार तुमचा आहे आणि दुकानदाराला पटवायला पुरावाही तुमच्याकडे आहे. कुठला दिवा अडकला, काय काय बदलून पाहिलं, हे मोबाइलवर व्हिडिओत धरून ठेवा. जीएसटीचं बिल, खोकं आणि सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण जपा. झाकणाशिवाय बोर्ड परत घ्यायला अनेक सर्व्हिस सेंटर नाही म्हणतात. प्रोसेसर ‘बॉक्स’चा आहे की सुटा ‘ट्रे’चा हेही बिलावर बघा. बॉक्सच्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेच्या प्रोसेसरला विकणारा देईल ती. ऑनलाइन घेताना खोकं फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा आणि सॉकेटच्या पिनांचा जवळून फोटोही घ्या, प्रोसेसर बसवण्याआधीच.

विकणारा मुंबईचा किंवा दिल्लीचा असला म्हणून हात टेकू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवून बघा, अनेकदा कंपन्या तेवढ्यावरच हलतात.

आणि कॅबिनेट रिक्षाने किंवा गाडीच्या मागच्या सीटवर नेणार असाल तर ग्राफिक्स कार्ड आधी काढून त्याच्या खोक्यात घाला. काच असलेली बाजू वर येईल असं कॅबिनेट आडवं झोपवा, म्हणजे जड कूलर बोर्डावर उभा राहील, लोंबकळणार नाही. आपल्या रस्त्यांवरच्या एका खड्ड्यात कार्डाची खाच तडकू शकते, आणि मग दुकानात पोचल्यावर नवा दोष कोणाचा यावर वाद होतो.